तबकडी

लष्करात, दौलतगंजच्या तोंडाशी,
आता जिथे टायर टांगलेत हारांसारखे,
तिथे विलास टॉकीज होतं. पत्र्याचं.
वैशाखात आत बसलं की माणसाचा पापड होतो,
असं नीळकंठ म्हणायचा.
मी म्हणायचो, तू आधीपासूनच आहेस.

तोवर आमच्यात वैर नव्हतं,
एकाच दौतीत बोरू बुडवायचो दोघे.
मग गल्लीत वेणू आली राहायला,
पेटीमास्तर खांडवेकरांची. नऊ वर्षांची.
फिरता भोवरा तळहातावर झेलायची
आणि आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

नीळकंठने मुरैन्याची गजक दिली, मामाने आणलेली.
मी मोरपीस दिलं.
तो म्हणाला, हे मुरलीधराच्या देवळातलं आहे, चोरलेलं.
होतं खरं.
गजक तिने तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.
पीस घरी नेलं.

मास्तर पूर्वी पडद्याखाली बसून पेटी वाजवत,
मारामारीला द्रुत, रडण्याला भैरवी,
आगगाडी आली की नुसता भाता.
मग चित्रं बोलायला लागली.
मालकाने नोकरी काढून घेतली,
पास काढून घ्यायचा विसरला.
त्या पासावर आम्ही चौघं
पहिल्या बाकावर, माना वर करून.

मुख्य खेळाआधी दोन रिळांचा फार्स होता.
एक लुकड्या, एक ढब्ब्या,
झोपाळ्यावर रिबिनवाली पोरगी.
लुकड्या फूल आणतो, शेळी खाते.
ढब्ब्या शेळीलाच हार घालून आणतो,
शेळी त्याला ढुशी देते.
नीळकंठने कोपर मारलं: ढब्ब्या तू.
मी म्हटलं, आणि शेळी तू.

तेवढ्यात वर तबकडीवरची सुई उडाली.
पोरीने तोंड उघडलं,
आतून ढब्ब्याचा घोगरा आवाज:
"माझ्याशी लग्न करशील?"
ढब्ब्याने छाती फुगवली: "इश्श!"
शेळी म्हणाली, "बाबांना विचारा."
टांगेवाल्यांनी टोप्या उडवल्या,
आचारी पोट धरून बाकाखाली गेला,
वरून रहमतमियाँची शिवी आली,
तीही त्या पोरीच्याच ओठांवर नेमकी बसली.

आणि मग आवाजच गेला.
चित्र चालू. पळताहेत, पडताहेत,
डबक्यातून चिखल उडतोय, सगळं मुकं.
लोक ओरडले, शिट्ट्या मारल्या, थकले.

मी वेणूकडे बघितलं, हसतेय का म्हणून.
ती पडद्याकडे बघतच नव्हती.
मास्तरांचा डावा हात हवेत भाता ओढत होता,
उजवा गुडघ्यावर,
धोतराच्या घडीवर स्वर शोधत.
डोळे वर. चेहऱ्यावर काही नाही.
कुणीतरी पडलं की बोटं धावत खाली यायची,
अगदी वेळेवर.

वेणूने आपला तळहात
हळूच त्या बोटांखाली सरकवला.
त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.
ते वाजवत राहिले.
नीळकंठचं कोपर माझ्या बरगडीशी तसंच राहिलं,
मारायचं विसरून.

मग खरखर झाली, आवाज परतला,
दोघं डबक्यात, पोरगी शेळी घेऊन घरी.
लोक हसले. आम्हीही. थोडं उशिरा.

दसऱ्यानंतर खांडवेकरांनी गाव सोडलं,
दतियाला कुठल्याशा ठाकुराच्या मुलींना शिकवायला.
टांग्यात पेटी चढवली तेव्हा
भात्याच्या फटीतून पिसाचा डोळा दिसत होता.
वेणूने हात केला. कुणाला, ते ठरलेलं नाही.

पन्नास वर्षं झाली.
संध्याकाळी बाड्यावर, पुतळ्यामागच्या पायरीवर,
आमचा खटला अजून चालू:
तिने माझं ठेवलं, म्हणतो मी.
माझं खाल्लं, म्हणतो नीळकंठ,
खाल्लेलं परत मागता येतं का कुणाला?

थंडीत तो गजक आणतो.
दात दोघांनाही नाहीत, रुमालात कुटून घेतो.
त्याची कवळी सैल आहे हल्ली,
आधी ओठ हलतात, शब्द मागाहून येतात.
मला हसू फुटतं.
तो चिडतो, ओठ हलतात,
मग थोड्या वेळाने ऐकू येतं: काय झालं रे?

काही नाही, म्हणतो मी.
तबकडी.